निर्मितीचा रकाना

रविवारी दुपारी जेवणे उरकली, टेबल पुसून कोरडे झाले, आणि मग आत्याने चष्मा चढवून विद्यापीठाचा तो कागद मधोमध पसरला. सदतीस वर्षे मुख्याध्यापकी केलेल्या बाईसमोर कोणताही कागद आला, की त्याची आपोआप प्रश्नपत्रिका होते. बाकीचे चौघे गुमान बसले. बाबा खिडकीकडे पाठ करून, उजवा हात टेबलाखाली. आई खुर्चीच्या कडेवर, कधीही उठावे लागेल अशा बेताने. धाकटा मोबाइल पालथा घालून. आणि थोरली टेबलाच्या अरुंद टोकाला. त्या टोकाला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून लहानपणापासून ते तिचे होते.

कागद साधा होता. मंगळवारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आतली हवा काढून घेतलेले एक काचपात्र फुटले. धाकट्याच्या वर्गातली एक मुलगी शेजारी उभी होती, तिच्या डाव्या डोळ्यात काच गेली. डोळा राहील की जाईल, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. विद्यापीठाला मात्र उद्या सकाळी दहापर्यंत कारण हवे होते, आणि कारणासाठी त्याने तीन रकाने आखून दिले होते: रचना, निर्मिती, वापर. एकावर खूण करायची, खाली संबंधिताने सही करायची. एका पोरीच्या डोळ्याची इतकी सुटसुटीत वर्गवारी करायला फार थोर विद्यापीठ लागते. ऐऱ्यागैऱ्या संस्थेला ते साधत नाही.

रचना धाकट्याची. तिला गेल्या सत्रात सुवर्णपदक मिळाले होते, आणि त्या पदकाच्या जोरावर समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेने त्याला तीन वर्षांची जागा देऊ केली होती. निर्मिती बाबांची. याच विद्यापीठाच्या कार्यशाळेत तीस वर्षे ते प्रयोगांची काच फुंकत आले होते. विद्यार्थी त्यांना फुंकरमास्तर म्हणत. वापर पुन्हा धाकट्याचा.

"म्हणजे तीनातले दोन रकाने तुझे," आत्या धाकट्याला म्हणाली. "तेव्हा काय झालं ते तूच सांग. सरळ. या घरात आजवर कोणी खोटं बोललेलं नाही."

थोरलीला हसू आले. ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळले. आत्या म्हणाली ते खरेच होते. खोटे कोणाला बोलावे लागू नये, अशी या घराची व्यवस्था होती.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात कापू लागला. गवयाचा गळा बसला तर निदान लोकांना ऐकू येते. काच फुंकणाऱ्याचा हात कापू लागला हे कुणालाच कळले नाही, कारण मागच्या खोलीत थोरली होती. चष्म्याच्या दुकानातून ती सहाला घरी यायची. बाबांनी पिशवीतून आणलेल्या आकृत्या भिंतीला टाचायची, काचेची नळी ज्योतीवर फिरवत मऊ करायची, फुगवायची, सांधे जोडायची आणि तयार पात्र सावकाश निववण्यासाठी छोट्या भट्टीत ठेवायची. सकाळी बाबा तळाशी क्रमांक कोरून पिशवी घेऊन जायचे. वहीत सही त्यांची. अशी चारशेवर पात्रे. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर सत्याविषयी काहीतरी मोठ्या अक्षरांत कोरलेले आहे. त्या अक्षरांखालून ही पात्रे रोज आत गेली, आणि अक्षरांनी एकदाही हरकत घेतली नाही.

त्याच दारातून आत जाण्याचे पत्र एकदा थोरलीलाही आले होते. ती हकीकत थोडक्यात अशी. एका घराला दोन विद्यार्थी झेपणार नाहीत, असे तेव्हा ठरले. आणि धाकटा तेव्हा नुसता नववीत असूनही दुसरा विद्यार्थी कोण, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

"मी सगळं नियमाप्रमाणे केलं," धाकटा म्हणाला. "पंप लावला, दाब उतरत होता, आणि एकदम फाडकन. बस्स."

"मग वापराचा रकाना गेला," आत्या म्हणाली. "रचनेला तर त्यांनीच पदक दिलंय. स्वतःच्या पदकाला चूक म्हणतील एवढे शहाणे नाहीत ते."

"मग फुटलं कशानं?" थोरलीने विचारले.

"मला काय माहीत, ताई? काच आहे. फुटते."

"काच फुटत नसते," बाबा त्या दुपारी पहिल्यांदा बोलले. "फोडावी लागते."

आईने त्यांच्याकडे असे पाहिले, की तोंडातून निघालेले परत घ्यावे. पण थोरली उठली होती. फुटलेल्या पात्राचे तुकडे बनवणाऱ्याने गोळा करायचे, तपासायचे आणि चौकशीपुढे ठेवायचे, ही कार्यशाळेची जुनी रीत होती. त्याप्रमाणे बाबांनी बुधवारी पत्र्याच्या डब्यातून ते घरी आणले होते. तिने डबा टेबलावर ठेवला. दुकानातून आणलेल्या, चमक अडवणाऱ्या पोलराइज्ड चष्म्याच्या दोन काळ्या काचा एकीवर दुसरी आडवी अशा धरल्या, तेव्हा त्यांतून पलीकडचे काही दिसेना. मग तिने मधे एक मोठा तुकडा सरकवला.

"बघा. आत्या, तू बघ. काच नीट निवली नसती, तिच्यात ताण राहिला असता, तर इथे पांढरे पट्टे उमटले असते. आहेत?"

"मला काही दिसत नाही."

"दिसायला नकोच आहे. म्हणजे काचेत दोष नाही." तिने तो तुकडा ठेवला आणि चिमट्याने अंगठ्याएवढा दुसरा उचलला. "आता हा. तडा कुठून सुरू झाला ते इथे कळतं. हा गुळगुळीत अर्धगोल आहे ना, याच्यापासून पुढे पंख्याच्या काड्यांसारख्या रेघा गेल्यात. आणि अर्धगोलाच्या बरोबर मधे, आतल्या बाजूला, हा ओरखडा. करडा. पोलाद घासल्याचा. एवढा एकच तुकडा सगळं सांगतो."

धाकट्याने तुकड्याकडे पाहिले नाही. त्याला पाहायची गरज नव्हती.

"पोलादी पट्टी घातलीस आत?" बाबांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता. शिष्याने सांधा वाकडा जोडला तर विचारावे तसा होता.

"तळाला साका बसला होता. प्लास्टिकच्या पट्टीनं निघेना. दोन मिनिटांचं काम होतं, बाबा."

"पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?"

"माहीत आहे काय सांगितलं होतं! सगळेच करतात तसं."

"आणि समोरची जाड संरक्षक काच?" थोरली म्हणाली. "ती असती तर त्या मुलीला ओरखडाही आला नसता."

"फोटोत चमकत होती. क्षणभर बाजूला केली."

"फोटो कोण काढत होतं?"

धाकट्याने मोबाइल उलटा केला, सुलटा केला.

"तीच," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं, जरा जवळून काढ."

आत्याने चष्मा उतरवला. थोरलीला वाटले, आता हिचा आवाज चढणार. या आवाजाने एके काळी पाचशे पोरांचे पटांगण चिडीचूप होत असे. आत्या थोडा वेळ काचा पुसत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"हे अजून कोणाकोणाला माहीत आहे?"

सदतीस वर्षांचा सगळा अनुभव त्या एका प्रश्नात उतरला होता.

"कोणालाच नाही. ती अजून बोलण्याच्या स्थितीत नाही. आणि पट्टी घातली तेव्हा ती नव्हतीच तिथे."

"मग राहिला निर्मितीचा रकाना," आत्या म्हणाली.

"वन्सं!" आई खुर्चीवरून अर्धी उठली. "यांच्या नावावर घालायचं? तीस वर्षं झाली, एका नळीबद्दल कोणी ब्र काढलेला नाही. आठ महिन्यांनी निवृत्ती आहे यांची. निरोपाचं भाषण पाठ करतायत हे आत्तापासून, अंघोळ करताना."

"भाषण महत्त्वाचं की पोराचं आयुष्य?"

"आयुष्य त्याचं, तर निस्तरणं त्याचं," आई म्हणाली. थोरलीने चमकून वर पाहिले. तिच्या आठवणीत आईने हे वाक्य प्रथमच धाकट्यासाठी वापरले होते. आजवर त्याचा मान थोरलीचा होता. क्षणभर त्या दोघी एका बाजूला होत्या, आणि ती बाजू इतकी अनोळखी होती, की थोरलीला तिथे नीट उभेही राहता येईना.

धाकटा आईकडे वळला. तो हुशार होता, यात कोणालाच शंका नव्हती.

"आई, ऐक. बाबांना कोणी काही करणार नाही. आमचे विभागप्रमुख भले आहेत. बाबांनी फक्त हात दाखवायचा. म्हणायचं, दोन वर्षं त्रास होतोय, सांगायला संकोच वाटला. आजारपण आहे ते, गुन्हा नाही. आठ महिन्यांऐवजी आत्ता निवृत्ती देतील. सन्मानानं."

"सन्मानानं?"

"अग, भाषणसुद्धा होईल."

आई सावकाश खाली बसली. तिने नवऱ्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि थोरलीने ती बाजू रिकामी होताना पाहिली.

"तसे आठ महिने काय नि आज काय," आई म्हणाली. "घरी आराम तरी होईल यांना."

टेबलाखालचा हात वर आला. बाबांनी तो कागदाशेजारी ठेवला, आणि तो कापू लागला, तसे चौघांनी त्याच्याकडे पाहिले. दोन वर्षे ज्याला खिशात, पिशवीखाली, लेकीच्या हाताआड लपवले, तो हात आता घरातला सर्वांत कामाचा दाखला ठरला होता.

"नियम माहीत आहे ना तुला?" थोरली धाकट्याला म्हणाली. "निर्मितीत दोष निघाला, की त्या कारागिराची दोन वर्षांतली सगळी काच मागवतात. प्रत्येक विभागातून. आणि फोडतात."

"सुरक्षेसाठी असतं ते, ताई."

"चारशे बारा पात्रं आहेत."

"काचच ना ती?" आत्या म्हणाली. "उद्या दुसरी होईल. मुलगा घडायला बावीस वर्षं लागतात."

"आणि ज्या मुलीचा डोळा जातोय, तिला किती लागली असतील?"

"मी रोज हात जोडते ग तिच्यासाठी," आई म्हणाली. ती अगदी खरे बोलत होती.

"ताई, तू मधे का येतेयस?" धाकट्याचा आवाज चिरकला. "तुझं काय जाणार आहे यात? माझं सगळं जाईल. पदक, जागा, सगळं. तुझं नाव तर कुठेही नाही!"

"हो," थोरली म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

त्याला कळले नाही. पदक मिळालेल्या रचनेत आतल्या नळीला एक वळसा होता, परीक्षकांनी ज्याचे विशेष कौतुक केले होते. धाकट्याच्या मूळ आकृतीत तो नव्हता. ती आकृती होती तशी फुंकली असती, तर पंपाच्या पहिल्या ओढीला तडकली असती. थोरलीने ज्योतीवर ते वळण दिले, आणि त्याने पुढच्या आठवड्यात आकृती दुरुस्त केली. आभारही मानले होते, नाही असे नाही. जाता जाता, जिन्यातून.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही सांगा यांना."

आत्याचा न्याय आणि आईची माया यांचे मोल तिला पुरेपूर ठाऊक होते. तिथे तिने काही गुंतवले नव्हते. तिचा भरवसा या एका माणसावर होता. तळाला केसाएवढी रेघ दिसली म्हणून आठवड्याचे काम त्यांनी स्वतः बादलीत फेकलेले तिने पाहिले होते. कुलगुरू येवोत की मंत्री, नीट न निवलेले पात्र त्यांच्या हातून कधी बाहेर गेले नाही.

बाबांनी चष्म्याच्या काचा मागितल्या. थोरलीने त्या उजेडाकडे धरल्या, आणि त्यांनी डाव्या हाताने एकामागून एक तुकडे मधे सरकवले. कापणाऱ्या उजव्या हाताला टेबलाची कड धरायला लावून ते बराच वेळ पाहत राहिले.

"उत्तम निवलीय," ते म्हणाले. "कुठे म्हणून ताण नाही. सांधासुद्धा ओळखू येत नाही. इतकी चोख मला भर उमेदीत जमली नाही."

दोन वर्षांत ही पहिली शाबासकी होती, आणि तिला साक्षीदार होते. तिने आत्याकडे पाहिले: ऐकलेस?

बाबांनी तुकडा डब्यात ठेवला, पेन उचलले आणि निर्मितीच्या रकान्यावर खूण केली.

"बाबा?"

"दोष खरंच काचेत असता, तर माझ्यानं सही झाली नसती," ते म्हणाले. "लाजेनं मेलो असतो. हे नुसतं खोटं आहे. एवढं जमेल."

"ते माझं काम आहे. तुमचं नाही. माझी फुंक आहे ती."

"माहीत आहे. म्हणून तर तुझं नाव कुठे येऊ देत नाही."

"ते तुम्ही कधीच येऊ दिलं नाहीत!"

बाबांनी मान खाली घातली, पण पेन ठेवले नाही. हात इतका कापत होता, की सही करायला आत्याने कागद दोन्ही बाजूंनी दाबून धरला. वेडीवाकडी, उतरत गेलेली ती सही पाहून धाकट्याने समाधानाने मान हलवली. अक्षरच पुरावा देत होते.

थोरली उभी राहिली. तिचा आवाज तिलाच परका वाटेल इतका शांत होता.

"सही करा, काय हवं ते करा. तुकडे उद्या समितीपुढे जातातच. मी स्वतः घेऊन जाईन. तो ओरखडा आंधळ्यालाही दिसेल."

तिने डब्याकडे हात नेला. डबा होता. डब्यात मोठे तुकडे होते, चुरा होता, चिमटाही होता. अंगठ्याएवढा तुकडा नव्हता. आणि खुर्चीच्या कडेवर बसलेली आई नव्हती.

स्वयंपाकघरातून दगडावर दगड घासल्याचा आवाज येत होता. घाईचा नव्हे, रोजच्या कामाचा. आई ओट्याशी उभी होती. दगडी खलावर ओले फडके टाकून, ठिकरी डोळ्यात उडू नये म्हणून तोंड बाजूला करून, ती बत्ता फिरवत होती. विद्यापीठाच्या नव्या प्रयोगशाळेत जी काळजी घेतली गेली नाही, ती इथे घेतली जात होती.

"आई."

"पुढे येऊ नकोस. लागेल पायाला."

"काय केलंस तू हे?"

"एवढाच घेतला. बाकीचे आहेत डब्यात." आईने फडके उचलले. खलात साखरेसारखी पांढरी पूड होती. "तूच तर नीट समजावून सांगितलंस, कुठला ते."

थोरली चौकटीला धरून उभी राहिली. बोलायला शब्द नव्हते असे नाही. फार होते, आणि त्यांतला एकही आता कोणाला दाखवता येण्याजोगा उरला नव्हता.

"तूही माझीच आहेस ग," आई पूड कागदावर ओतत म्हणाली. "पण तिथवर पोचलाय तो एकटाच. त्याला खाली ओढून तू काही वर जाणार नाहीस." मग पुडीला घडी घालता घालता तिने लेकीकडे नीट पाहिले. "तोंड धू. कपाळाला घाम आलाय तुझ्या."

दोघी बाहेर आल्या तेव्हा टेबलावरची हवा पार बदललेली होती. आत्या कागद पाकिटात घालत होती आणि बाबांना कोणत्या वाक्याने सुरुवात करायची ते सांगत होती. धाकट्याच्या चेहऱ्यावर मंगळवारपासून नसलेला रंग परतला होता. तो मुळात वाईट मुलगा नव्हता. आपल्यासाठी सगळे जण सगळे करतात, हे त्याला इतक्या लहानपणी कळले होते, की त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही असते हे शिकायचेच राहून गेले होते.

"ताई," तो म्हणाला, "रागावू नकोस ना. एक काम आहे. गुरुवारी तिकडची माणसं प्रत्यक्ष बघायला येतायत. प्रयोग चालू दाखवावा लागेल. पात्र नवीन हवं. सेम तेच. तो आतला वळसा जमला पाहिजे बघ, सगळं त्याच्यावर आहे."

"करेल ती," आत्या म्हणाली. "रुसते, पण करते."

थोरलीने खुर्ची मागे ओढली आणि बसली. टेबलाच्या टोकाला नव्हे, जिथे आई बसली होती तिथे.

"मला कुठे येतं ते?" ती म्हणाली.

धाकटा हसला. मग हसायचा थांबला.

"मी चष्म्याच्या दुकानात असते," थोरली म्हणाली. "काच बाबा फुंकतात. दोन वर्षांतली सगळी त्यांनीच फुंकली. आत्ताच सही केलीय त्यांनी. वाच ना, आत्या, पाकीट उघडून."

आत्याने तोंड उघडले. तिच्या हातात पाकीट होते. त्यातल्या कागदाचा एकही शब्द न खोडता म्हणता येईल असे काही तिला सापडले नाही, आणि तिने तोंड मिटले. आई टेबलावर नसलेले खरकटे पुसू लागली.

"ताई, चेष्टा पुरे. पदक आहे, जागा आहे, अख्खं..."

"बाबांना सांग ना. कारागीर ते आहेत." ती वडिलांकडे वळली. त्यांच्या डोळ्यांत जी ओशाळी कबुली होती, ती तिला दोन वर्षांपूर्वी दिसली असती, तर ती ज्योत विझवून तेव्हाच त्यांच्या गळ्यात पडली असती. "चारच दिवस आहेत, बाबा. मापं नीट लिहून घ्या."

थोड्या वेळाने बाबांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उचलले. आत्याने कागद दोन्ही बाजूंनी धरला, आणि धाकटा मापे सांगू लागला.